अकरा हेल्मेटं आणि माझं एक डोकं

हौसेला मोल नसतं असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना घरखर्चाची वही लिहावी लागत नसावी!

आमच्या बाहेरच्या खोलीत काचेचं एक कपाट आहे. माझ्या लग्नात माहेराहून आलेलं. त्यात चांगल्या कपबशा मांडाव्यात, दोन-चार शोभेच्या वस्तू ठेवाव्यात, अशी आईची कल्पना. आज त्या कपाटात अकरा हेल्मेटं आहेत. नवीन पाहुणा आला की आधी कपाटाकडे बघतो, मग ह्यांच्याकडे आणि मग मोठ्या कीव करणाऱ्या नजरेने माझ्याकडे! कुणाला जुन्या नाण्यांचा नाद असतो, कुणाला पोस्टाच्या तिकिटांचा. आमच्या ह्यांना नाद मोटार शर्यतीतल्या हेल्मेटांचा. अकरापैकी नऊ म्हणजे नमुने, खऱ्याच्या निम्म्या मापाचे, सोललेल्या नारळाएवढे. अमक्या शर्यतपटूने अमक्या वर्षी घातलेलं हेल्मेट, हुबेहूब त्याच रंगांत. दोन मात्र खरी, पूर्ण मापाची. असल्या वस्तू मोजक्याच काढतात, क्रमांक घालून. ह्यांच्या भाषेत ‘लिमिटेड एडिशन’. सासूबाईंच्या भाषेत ‘टोपडी’. “सूनबाई, ती टोपडी जरा उन्हात घाल गो, बुरशी धरेल,” असं त्या दर श्रावणात न चुकता सांगतात.

या नादाची ओळख मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी झाली. आमचं लग्न २०११ च्या मे महिन्यातलं. पहिला दिवाळसण माझ्या माहेरी. वडिलांनी जावयाला घड्याळ घ्यायला पैसे दिले, आणि भाऊबीजेच्या संध्याकाळी जावईबापू पिशवी घेऊन दिल्लीच्या गाडीला निघाले! ३० ऑक्टोबरला दिल्लीजवळ ग्रेटर नोएडाला भारतातली पहिली फॉर्म्युला वन शर्यत होती. शर्यत जिंकली जर्मनीच्या सेबॅस्टियन व्हेटेलने. आपला नारायण कार्तिकेयनही त्यात धावला, आणि त्याला प्रत्यक्ष पाहिलं म्हणून हे चार दिवस हवेत होते. २००५ साली कार्तिकेयन फॉर्म्युला वनमधला पहिला भारतीय झाला, तेव्हापासूनचं हे वेड. ती शर्यत पुढे आणखी दोनच वर्षं भरली आणि बंद पडली. वेड काही बंद पडलं नाही. घड्याळ अजून यायचंय.

पहिलं ‘टोपडं’ आलं ह्यांच्या आखाती देशात नोकरी करणाऱ्या आत्येभावाकडून. मग दर दीड-दोन वर्षांनी एक. कधी बोनसमधून, कधी ‘मित्राने स्वस्तात दिलं’ म्हणून. मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, संध्याकाळी चार मुलांच्या शिकवण्या घेते. त्यातून साठवलेल्या पैशांवर माझा हक्क, असा आमचा अलिखित करार होता.

तो मोडला २०२१ साली. रॉयल एन्फिल्ड कंपनीला १२० वर्षं झाली म्हणून त्यांनी बारा दशकांची आठवण ठेवणारी बारा प्रकारची हेल्मेटं काढली, हाताने रंगवलेली, प्रत्येक प्रकाराची फक्त १२०. ह्यांचा डोळा त्यातल्या एकावर. किंमत सात-आठ हजारांच्या घरात. मी धुण्याच्या मशीनसाठी पैसे बाजूला ठेवले होते. “अगं, दोन मिनिटांत संपतील. मशीन काय, दिवाळीनंतरही मिळेल!” एवढं बोलून ह्यांनी मोबाइलवर बोट दाबलं सुद्धा.

आठ दिवस आमचा अबोला होता. नवव्या दिवशी खोकं आलं. हेल्मेट देखणं होतं, नाही म्हणत नाही. शोभेचं नव्हे, डोक्यात घालायचंच. पण ते कपाटात गेलं. मी म्हटलं, “अहो, घरात अकरा हेल्मेटं झाली, आणि माझ्या डोक्याला एकही नाही. मला एक साधं घ्या की.” तर म्हणाले, “तू मागेच बसतेस. आपल्याकडे मागची बाई कुठे हेल्मेट घालते? साडीवर कसं दिसेल ते?” आणि खरं सांगू? मलाही ते पटलं. केसांचा अंबाडा, त्यावर गजरा, आणि त्यावर हेल्मेट? लोक हसले असते.

मैत्रिणींनो, आता पुढचं सांगायला मन धजत नाही, पण त्यासाठीच लिहायला बसले आहे.

२०२२ च्या जूनमधला रविवार होता. आम्ही पावसला स्वामींच्या दर्शनाला गेलो होतो. परतताना भाट्याच्या अलीकडच्या उतारावर पहिल्या पावसाने लाल माती रस्त्यावर वाहून आली होती. मी नेहमीसारखी एका बाजूला पाय सोडून बसलेली, मांडीवर प्रसादाची पिशवी. गाडीचा वेग काही फार नव्हता. चाक घसरलं एवढं कळलं. त्यापुढचं मला आजही आठवत नाही. सगळं इतरांनी सांगितलेलं. ह्यांचा हात सोलवटला. माझं डोकं मागच्या बाजूने गटाराच्या कठड्यावर आपटलं. ह्यांचं रोजचं साधं हेल्मेट त्या वेळी कुठे होतं? गाडीच्या आरशाला लटकवलेलं! पोलीस दिसला की डोक्यावर, एरवी आरशावर. त्या आरशाचं डोकं मात्र सुखरूप राहिलं.

नऊ टाके पडले. दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. पहिल्या रात्री म्हणे मी मुलीला एकच प्रश्न वीस-पंचवीस वेळा विचारला, “गॅस बंद केला का गो?” ती तेव्हा नऊ वर्षांची. दर वेळी ती “हो आई” म्हणायची, आणि शेवटी रडायला लागली. डॉक्टर ह्यांना एवढंच म्हणाले, “कवटी फुटली नाही, मेंदूत रक्त साकळलं नाही, नशीब समजा. हेल्मेट असतं तर तुम्ही इथे आलाच नसतात.”

घरी आल्यावर महिनाभर सक्तीची विश्रांती. खाट बाहेरच्या खोलीत टाकलेली, समोर ते कपाट. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही. सारखी ती अकरा डोकी माझ्याकडे बघायची! एकदा रात्री हे पायाशी येऊन बसले. बराच वेळ गप्प होते. मग त्या रॉयल एन्फिल्डच्या हेल्मेटाकडे बोट दाखवून म्हणाले, “हे त्या दिवशी तुझ्या डोक्यात असायला हवं होतं. ओरखडा पडेल म्हणून मी ते कपाटात ठेवलं.” नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी मी त्याआधी एकदाच पाहिलं होतं, मामंजी गेले तेव्हा.

मी रागावले नाही. रागवायला अंगात त्राण नव्हतं. मी म्हटलं, “मला एकेकाची गोष्ट सांगा. ही कुणाकुणाची डोकी माझ्या घरात आहेत ते तरी कळू दे.” आणि मग रोज रात्री एक, असं ह्यांनी मला सगळं कपाट सांगितलं. दहा वर्षं मी ती पुसत होते, पण ऐकलं तेव्हा पहिल्यांदा.

गडद निळं, त्यावर पांढरे पट्टे, ते इंग्लंडच्या ग्रॅहॅम हिलचं. तो लंडनच्या एका होड्या वल्हवणाऱ्या क्लबात होता. त्या क्लबाच्या वल्ह्यांची खूण त्याने हेल्मेटावर काढून घेतली. तो १९६२ आणि १९६८ साली जगज्जेता झाला, १९७५ साली विमान अपघातात गेला. पुढे त्याचा मुलगा डेमन शर्यतीत उतरला तो बापाचीच वल्ही डोक्यावर घेऊन, आणि १९९६ साली तोही जगज्जेता झाला. आपल्याकडे आजोबांची पगडी जपून ठेवतात ना, तसंच की हे!

पांढऱ्यावर चौकड्यांचा पट्टा, तो स्कॉटलंडच्या जॅकी स्टुअर्टचा. त्याच्या मुलखातल्या कापडाची ती वीण. तीन वेळा जगज्जेता. पण ह्यांना तो आवडतो तो वेगळ्याच कारणाने. त्या काळी शर्यतीत माणसं मरायचीच असं सगळे धरून चालत. स्टुअर्ट भांडला, पट्टे हवेत, चांगली हेल्मेटं हवीत, जागेवर डॉक्टर हवा. लोक त्याला भित्रा म्हणाले. तो हटला नाही. त्याच्या आधी, १९५० च्या सुमारास, कित्येक जण नुसत्या कापडी टोप्या घालून पळत! तोंड झाकणारं पुरतं हेल्मेट फॉर्म्युला वनमध्ये आलं ते १९६८ साली, अमेरिकेच्या डॅन गर्नीच्या डोक्यावर.

पिवळंधमक, हिरव्या-निळ्या पट्ट्यांचं, ते ब्राझीलच्या आयर्टन सेनाचं. आमच्या घरात आलेलं पहिलं तेच. तो १ मे १९९४ रोजी इटलीत इमोलाच्या शर्यतीत गेला. गाडीच्या चाकाजवळचा एक भाग तुटून हेल्मेट भेदून आत शिरला. “म्हणजे हेल्मेट असूनही?” मी विचारलं. “असूनही,” हे म्हणाले. “हेल्मेट म्हणजे काही देव नव्हे. पण हे बघ.” ते ब्राझीलच्याच फेलिपे मासाचं. २००९ च्या जुलैमध्ये हंगेरीत पुढच्या गाडीची एक स्प्रिंग निखळून ताडकन त्याच्या डोळ्याच्या वर आदळली. डोक्याला मोठी इजा झाली, शस्त्रक्रिया झाली, पण तो वाचला. पुढच्याच वर्षी पुन्हा शर्यतीत उतरला. २०११ साली दिल्लीला ह्यांनी त्याला पळताना पाहिलं. त्या अपघातानंतर हेल्मेटाच्या काचेच्या वरच्या कडेला जास्तीची चिवट पट्टी बसवायची पद्धत पडली. एकाच्या कपाळावरच्या जखमेने बाकीच्यांचं कपाळ राखलं.

आणि एक गोष्ट कपाटातली नव्हे, पण ह्यांनी सांगितली ती माझ्या मनात राहिली. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ हा सिनेमा ज्याच्यावर निघाला तो लॉरेन्स १९३५ साली मोटरसायकलवरून पडला आणि सहा दिवसांनी गेला. डोक्यावर काही नव्हतं. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे शल्यविशारद होते. त्यांच्या मनाला ते लागलं. पुढे महायुद्धात निरोप पोचवणारे मोटरसायकलस्वार शिपाई डोकं फुटून मरत, त्याचा त्यांनी अभ्यास केला, १९४१ साली तो छापला, आणि इंग्लंडच्या सैन्यात त्या शिपायांना हेल्मेट सक्तीचं झालं. एक माणूस वाचवता आला नाही, तर डॉक्टरांनी पुढच्या हजारोंची तजवीज केली.

ऐकता ऐकता मी विचारलं, की त्या कवचात असतं तरी काय? हे म्हणाले, “थर्माकोल.” मला हसूच आलं. गणपतीच्या मखराला वापरायचो, तो? हो, जवळजवळ तोच, पण जास्त घट्ट दाबलेला. आता आपण रत्नागिरीच्या बायका. आपल्याला हे कळायला पुस्तक नको. आंब्याची पेटी आठवा. बाहेर लाकडी फळ्या, आत पेंढा, त्यात आंबा. पेटी आपटली तर फळी मार झेलते, पेंढा दबतो, फळ शाबूत राहतं. नुसत्या फळीत आंबा टाकला तर तो फळीवरच फुटेल. हेल्मेटाचं कवच म्हणजे फळी, थर्माकोल म्हणजे पेंढा. फरक एवढाच, की तो थर्माकोल एकदा दबला की परत फुगत नाही. म्हणून पडलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी टाकून द्यायचं. त्याचं काम एकदाच.

महिन्याने मी स्वयंपाकघरात गेले. तिसऱ्या दिवशी दूध लागलं. पातेल्याचा बुडका काळा होईतो मी शेजारीच भाजी चिरत उभी, मला पत्ताच नाही! सासूबाई माजघरातून ओरडत आल्या, “अगो, दूध लागलंय, वास नाही आला?” नाही आला. फोडणीचा आला नाही, हिंगाचा आला नाही, मोगऱ्याचा आला नाही. कापूर नाकाशी धरला तर झोंबला, पण वास नव्हता.

डॉक्टरांनी समजावलं. नाकाच्या वर चाळणीसारखं भोकांचं पातळ हाड असतं. त्या भोकांतून वासाचे बारीक तंतू मेंदूकडे जातात. डोकं आपटलं की मेंदू आतल्या आत हिसका खातो आणि ते तंतू तुटतात. काहींचं बरं होतं, काहींचं नाही. वर्ष-दोन वर्षं वाट बघायची. मी बघितली. आला तो इतका अंधुक, की असून नसल्यासारखा.

मरणापुढे हे काहीच नव्हे, मला ठाऊक आहे. पण २०२३ च्या एप्रिलमध्ये बागेतून पहिली पेटी आली. झाकण काढलं, पेंढा बाजूला केला, वाकले, आणि काही नाही. लहानपणापासून ज्या वासाने आमचा उन्हाळा सुरू व्हायचा तो वास नव्हता. फोड तोंडात घातली. गोड होती, आंबट होती. हापूस नव्हता. मी पदराने तोंड पुसलं आणि आत गेले. हे सगळं पाहत होते. त्या दिवशी घरात कुणी आंबा खाल्ला नाही.

आता आमच्या घरचा नियम बदलला आहे. आधी डोकी, मग कपाट. ह्यांनी माझ्या शिवणाच्या पेटीतली टेप आणून स्वतः माझ्या डोक्याचं माप घेतलं. ५५ सेंटिमीटर. तुम्हीही घ्या. भुवयांच्या किंचित वरून, मागच्या उंचवट्यावरून टेप फिरवायची. नवऱ्याचं हेल्मेट बायकोला बसेलच असं नाही. सैल हेल्मेट पडताना आधी उडून जातं. घालून बघताना गाल थोडे दाबले गेले पाहिजेत. पट्टा हनुवटीखाली लावायचाच, एखादं बोट जाईल इतपत. आय.एस.आय.चा शिक्का आणि आय.एस. ४१५१ हा आकडा बघून घ्यायचं. रस्त्याच्या कडेला टांगलेलं स्वस्तातलं टोपलं घ्यायचं नाही. अंबाडा चालत नाही, मानेशी सैल वेणी चालते. गजरा पर्समध्ये ठेवते, शाळेत पोचल्यावर माळते.

आपल्या कोकणातल्या दमट हवेत आतल्या कापडाला बुरशी धरते. अस्तर निघत असेल तर काढून सौम्य शाम्पूच्या पाण्यात हाताने धुवावं, सावलीत वाळवावं. कवच ओल्या फडक्याने पुसावं. रॉकेल, पेट्रोल किंवा थिनर लावू नये, त्याने कवच आणि थर्माकोल दोन्ही खराब होतात. आणि बायांनो, मागे बसणारीला सूट आहे असं समजू नका. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पुढच्याला आणि मागच्याला एकच नियम आहे. २०१९ च्या दुरुस्तीनुसार चार वर्षांवरच्या मुलांनाही तो लागू आहे.

ह्यांचा नाद सुटलेला नाही. सुटावा असं मलाही आता वाटत नाही. गेल्या वर्षी बारावं आलं, पण वहीत लिहून, मला विचारून. रॉयल एन्फिल्डचं ते देखणं हेल्मेट हे रोज डोक्यात घालतात. दोन ओरखडे पडलेत त्यावर. ‘लिमिटेड एडिशन’ची किंमत उतरली म्हणतात. उतरो. जगात ती १२० तरी होती. माझ्या घरातली डोकी एकेकच आहेत.

मी स्वतः आता स्कूटी शिकले. शाळेतल्या बाई पहिल्यांदा हसल्या, “काय हो, शर्यतीला निघालात की काय?” मी त्यांना पुण्याच्या डायना पंडोले यांचं सांगितलं. त्या एकेकाळच्या शिक्षिका, दोन मुलांची आई. २०२४ साली पुरुषांच्या बरोबरीने गाडी पळवून त्यांनी मोटारींच्या राष्ट्रीय स्पर्धेत आपल्या गटाचं अजिंक्यपद मिळवलं. म्हटलं, “शर्यत त्यांची, मला आपली मारुती मंदिरापर्यंतच जायचंय. पण हेल्मेट दोघींनाही लागतं.” हल्ली त्यांतल्या दोघीजणी घालायला लागल्या आहेत.

यंदाही पेट्या आल्या. आंबे पिकले का ते कळायला वास घ्यावा लागतो, रंगावर भरवसा ठेवता येत नाही. ते काम आता लेकीचं. ती एकेक आंबा नाकाशी धरते, डोळे मिटते आणि सांगते, “आई, हा आजचा. हा उद्या. हा परवा.” मी तिने सांगितलेले तीन ढीग लावते. मग दोघी आपापली टोपडी घालतो, पट्टे लावतो आणि आजचे आंबे घेऊन माझ्या आईकडे निघतो. सासूबाई ओटीवरून बघतात आणि म्हणतात, “पट्टा लावलास ना गो?”